सेसना १७२च का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी हौशी पायलट आहे हे कळलं की लोक आधी विचारतात, "भीती नाही वाटत?" त्याचं उत्तर मोठं आहे, ते पुन्हा कधीतरी. दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो. इथे ओहायोत, कोलंबसच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत तो हमखास येतो. पुण्याला गेले की भाचेमंडळी विचारतात: "तुझं सगळ्यात आवडतं छोटं विमान कोणतं?" मी "सेसना १७२" म्हणते आणि समोरच्याचा चेहरा थोडा पडतो. विमानांचे व्हिडिओ बघणारा असेल तर जास्तच. त्याला बोनान्झासारख्या वेगवान विमानाचं नाव ऐकायचं असतं, नाहीतर अख्ख्या विमानाला पॅराशूट असलेल्या सिरसचं. माझ्या तोंडून शिकाऊ लोकांच्या विमानाचं नाव येतं.

बोलताना हे उत्तर दोन वाक्यांत आटपावं लागतं. आज तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी विमानाची ओळख. एक इंजिन, पुढे दोन पात्यांचा पंखा, आत चार सीट, डोक्यावर पंख आणि खाली तीन चाकं, जी आत ओढली जात नाहीत. कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या सेसना कंपनीनं ते १९५५ साली पहिल्यांदा उडवलं आणि १९५६ पासून विकायला काढलं. तेव्हापासून ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. त्याच्या आधीचं सेसना १७० जवळजवळ तसंच होतं, पण त्याचं तिसरं चाक शेपटीखाली होतं. १७२मध्ये ते नाकाखाली आलं, आणि माझ्या मते या विमानाचं सगळं नशीब त्या एका बदलात आहे.

कारण असं, की शेपटीला चाक असलं की विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो. उतरताना विमान जरा तिरकं टेकलं तर तो मागचा भार पुढे यायला बघतो आणि विमान धावपट्टीवर गर्रकन फिरतं. चाक नाकाखाली असलं की भार मुख्य चाकांच्या पुढे राहतो, त्यामुळे तिरकं टेकलेलं विमान आपणहून सरळ व्हायला बघतं. एवढ्यानं विमान उडवणं सोपं होत नाही, पण डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशा आठवड्यातून एखादा तास काढू शकणाऱ्या माणसाच्या आवाक्यात येतं. खाजगी पायलट म्हणजे बहुतेक अशीच माणसं. मीही त्यातलीच.

आमच्या क्लबात १७२एस आहे, म्हणजे १८० हॉर्सपॉवरचं, नव्या पिढीतलं. उडण्याआधी त्याची तपासणी करायला मला खरंच आवडतं. या मॉडेलला इंधनाचा नमुना काढायच्या तेरा जागा आहेत, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणी पारदर्शक कप दाबून थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरायचं. विमानाचं हे पेट्रोल फिकट निळं असतं, मुद्दाम रंग घालून तसं केलेलं. पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाला बसतं, त्याचा वेगळा थेंब स्पष्ट दिसतो. निळं आहे, स्वच्छ आहे, वास बरोबर आहे, मग पुढची जागा. घाईतल्या माणसाला तेरा जागा कटकटीच्या वाटतात. मला त्या हव्याशा वाटतात, कारण तेवढ्या वेळात ऑफिस डोक्यातून जातं आणि विमान डोक्यात येतं.

दुसरी तपासणी आणखी गोड आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं छिद्र असतं. स्टूलवर उभं राहायचं, त्या छिद्रावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडानं हवा ओढायची. कॉकपिटमध्ये पिपाणीसारखा आवाज येतो. वेग फार कमी होऊन पंखांची उचल संपायच्या बेताला आली, की पायलट ज्याला स्टॉल म्हणतात ते व्हायच्या पाच-दहा नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) आधी, हाच आवाज तुमच्या कानाशी वाजतो. त्याला ना वीज लागते ना बॅटरी. हवेच्या दाबानं आत एक पत्ती थरथरते, बस्स. रुमालानं तपासण्याची ही पद्धत कंपनीच्या पुस्तिकेतच दिलेली आहे.

या विमानात सगळीकडे हाच साधेपणा आहे. पंख वर असल्यामुळे टाक्यांतलं पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. टाकी निवडायची कळ 'दोन्ही'वर ठेवली की दोन्ही टाक्यांतून येत राहतं. पायपर कंपनीचं चेरोकीही मी उडवलं आहे, छान विमान आहे, जमिनीजवळ आलं की हवेच्या गादीवर तरंगल्यासारखं उतरतं. पण त्याच्या कळीला 'दोन्ही' हा पर्यायच नाही. दर अर्ध्या तासानं आठवणीनं टाकी बदलावी लागते. शिवाय दार एकच, तेही उजवीकडे, त्यामुळे पायलट आधी आत आणि सगळ्यात शेवटी बाहेर. १७२ला दोन्हीकडे दारं आहेत. मुलांना घेऊन उडणाऱ्या बाईला या दुसऱ्या दाराचं मोल विचारा.

आता वेगाचं बोलू, कारण चेहरे पडतात ते वेगावरूनच. १७२एस आडव्या उड्डाणात १२० नॉटच्या आसपास जातं, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. आजचं बोनान्झा १७०च्या पुढे जातं. बोनान्झा सुंदर आहे यात शंकाच नाही. १९४७ पासून ते लोकांच्या हातात आहे, आणि त्याच्या जुन्या मॉडेलची इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची शेपटी आकाशात दिसली की मीही मान वर करून बघते. पण त्याच विमानाला 'डॉक्टर-किलर' असं वाईट नाव पडलं, त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पैसा आहे, हुशारी आहे, सरावाला वेळ मात्र नाही, अशा माणसांनी ते हौसेनं घेतलं. विमान गुळगुळीत, नाक जरा खाली झालं की वेग झपाट्यानं वाढतो, आणि ढगात शिरल्यावर गोंधळलेल्या पायलटला सावरायला फार थोडे क्षण मिळतात. दोष विमानाचा नव्हता. विमान पायलटच्या विचारांच्या पुढे धावत होतं.

१७२ पुढे धावत नाही. ते मला आवडतं याचं सगळ्यात मोठं कारण हेच. हे विमान तुम्हाला विचार करायला वेळ देतं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली सोडून धावपट्टीकडे येताना काट्यावर साठ-पासष्ट नॉट असतात, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाडी जाते साधारण तेवढा वेग. वारा कुठून येतो आहे, मी उंच आहे की खाली, धावपट्टीवर हरीण तर नाही ना (ओहायोत हा प्रश्न खरा असतो), हे सगळं बघून निर्णय बदलायला सवड राहते. इंजिन बंद पडलंच तर ६८ नॉट धरायचे. वारा नसेल तर प्रत्येक हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, तरंगत जाता येतं. पाच हजार फुटांवर असाल तर शेत निवडायला, रेडिओवर सांगायला, इंजिन पुन्हा सुरू करून बघायला काही मिनिटं हातात असतात. हा आकडा तोंडपाठ असेल तर माणूस घाबरत नाही, कामाला लागतो.

पण या विमानाला 'माफ करणारं विमान' म्हणतात तेव्हा मला जरा काळजी वाटते. माफीला मर्यादा आहेत, आणि त्या वजनात व हवेत आहेत. भाचा विचारतो, "आम्ही चौघं मावू ना?" सीट चार आहेत, म्हणून मावाल. उडू शकू का, हा वेगळा हिशोब आहे. १७२एसचं उड्डाणावेळचं जास्तीत जास्त वजन ११५७ किलो. रिकामं विमानच साधारण ७६० किलोचं. टाक्या भरल्या की पेट्रोलचे जवळजवळ १४५ किलो. उरले २५० किलो, त्यात माणसंही आली आणि सामानही. म्हणजे धडधाकट तिघं, किंवा आईबाप आणि दोन लहान मुलं. चार मोठी माणसं न्यायची तर पेट्रोल कमी भरायचं आणि जवळ जायचं. मी प्रत्येकाला वजन विचारते, अगदी नवऱ्याच्या मावशीलाही. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, काट्यावर उभ्या राहिल्या.

आणि हवा. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनलाही दम कमी मिळतो. नागपूरचंच बघा. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की विमानाच्या लेखी तो विमानतळ जवळजवळ पावणेपाच हजार फुटांवर जातो. सकाळी सहाला झपकन वर जाणारं तेच १७२ दुपारी दोनला धावपट्टीचा मोठा तुकडा खाऊन सावकाश वर चढेल. विदर्भात शिकलेल्या पायलटला हे सांगावं लागत नाही.

टिकाऊपणाचा विषय निघाला की मी टिम आणि कुक यांची गोष्ट सांगते. मला ती कितीदाही सांगायला आवडते. लास वेगासच्या हॅसिएंडा हॉटेलला जाहिरात हवी होती. तिथे जुगाराची यंत्रं दुरुस्त करणारा रॉबर्ट टिम पूर्वी लष्करात बॉम्बर उडवत होता. ४ डिसेंबर १९५८ रोजी त्यानं जॉन कुकला सोबत घेऊन १७२ उडवलं आणि ते दोघं खाली आले ७ फेब्रुवारी १९५९ला. मध्ये ६४ दिवस आणि २२ तास विमान जमिनीला टेकलं नाही. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खाली ट्रक धावायचा, वर विमान त्याच वेगानं अगदी खाली उडायचं. मग दोरानं नळी वर ओढून पोटाखालच्या जादा टाकीत पेट्रोल भरायचं, तेही दिवसातून दोनदा. जेवण हॉटेलच्या स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये कोंबून यायचं. एकदा टिमला झोप लागली आणि बराच वेळ विमान ऑटोपायलटवर एकटंच उडत राहिलं.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जनरेटर. तो वाटेतच बंद पडला. दिवे गेले, पेट्रोल पोटाच्या टाकीतून पंखांत चढवणारा विजेचा पंप गेला, तेव्हा दोघं हातपंप मारत राहिले. इंजिन मात्र चालूच होतं. कारण विमानाच्या इंजिनाला ठिणगी बॅटरी देत नाही, दोन मॅग्नेटो देतात. इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःची वीज स्वतः बनवतात. आज मी धावपट्टीच्या टोकाशी उभी राहून मिनिटाला १८०० फेऱ्यांवर इंजिन ठेवते आणि किल्ली फिरवून एक-एक मॅग्नेटो आळीपाळीनं बंद करून तपासते. तीच यंत्रणा त्या दोघांना दोन महिने वर ठेवत होती. शेवटी इंजिनात काजळी इतकी साठली की भरल्या टाक्यांनिशी वर चढवेना, तेव्हा ते उतरले. माणसांसह सलग उडण्याचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. ते विमान लास वेगासच्या विमानतळावर टांगून ठेवलं आहे. सामान घ्यायला जाल तेव्हा वर बघा.

कोलंबसमध्ये राहून जेरी मॉकचं नाव घेतलं नाही तर मला चैन पडणार नाही. तीन मुलांची आई, वय ३८. १९ मार्च १९६४ रोजी इथूनच एकटी निघाली आणि १७ एप्रिलला जगाला फेरी घालून इथेच परतली. असं एकटीनं करणारी ती जगातली पहिली स्त्री. तिचं विमान सेसना १८०, म्हणजे १७२चंच थोरलं, जास्त ताकदीचं, शेपटीला चाक असलेलं भावंड. वाटेत ती कराची, दिल्ली, कलकत्ता करून गेली. त्याच कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन जुहूला उतरले होते. त्यांचं पस मॉथही एकाच इंजिनचं, डोक्यावर पंख असलेलं विमान. छोटं विमान म्हणजे श्रीमंतांचं खेळणं असं कुणी म्हणालं की मी ही दोन नावं सांगते.

किमतीचंही थोडक्यात सांगते. १९८६मध्ये सेसनानं एका इंजिनची ही छोटी विमानं बनवणं थांबवलं. अपघात झाला की जुन्यापुराण्या विमानासाठीही बनवणाऱ्यावर खटले व्हायचे, त्या भरपायांचा बोजा झेपेना. १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला, अठरा वर्षांहून जुन्या विमानासाठी बनवणाऱ्याला जबाबदार धरण्यावर बंधन आलं, आणि १९९६पासून १७२ पुन्हा बनायला लागलं. नव्याची किंमत सामान्य नोकरदाराच्या कल्पनेपलीकडची आहे. म्हणून बहुतेक जण माझ्यासारखे क्लबात भागीदार होतात किंवा तासावर भाड्यानं घेतात. १७२ला पसंती मिळण्याचं हेही एक कारण आहे. ते जिथे जाल तिथे मिळतं, सुटे भाग मिळतात, आणि ते ओळखणारा मेकॅनिक जवळपास कुठेतरी असतोच.

तर भाचेमंडळींनो, शिकायचं मनात असेल तर आधी फ्लाइंग स्कूलला ओळखीचं एक उड्डाण मागा. वेळ सकाळची घ्या, तेव्हा हवा शांत असते. डाव्या सीटवर बसा. दार लावल्यावर सीट पुढेमागे हलवून ती खाचेत पक्की अडकली आहे ना ते स्वतः बघा, इन्स्ट्रक्टरनं सांगायची वाट बघू नका. वर गेल्यावर वेगाची हौस करू नका. त्याला सांगा, मला हे विमान किती सावकाश उडतं ते दाखवा. तो थ्रॉटल ओढून इंजिनची ताकद कमी करेल, फ्लॅप सोडेल, काटा पन्नासच्या खाली येईल आणि डाव्या पंखातली ती पिपाणी वाजायला लागेल. तेव्हा स्टीअरिंग घट्ट धरू नका, दोन बोटं पुरतात.