हाड परत आलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही आलं. डाव्या कॉलरबोनचा जो अर्धा भाग गेला, तो गेलाच. मालवणच्या बाजारात भेटणारी बहुतेक माणसं हेच विचारतात आणि मी "नाही" म्हटलं की तोंड पाडतात. माझ्या लेखी ते "नाही" इतकं वाईट नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

सुरुवात साधीच. पावसात परसातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावरून घसरले. हाड मोडलं, पट्टा बांधला. दीड-दोन महिन्यांत जुळायला हवं होतं, तर एक्सरेत फट वाढलेली. तिसऱ्या एक्सरेत हाडाचं टोक चोखलेल्या पेपरमिंटच्या कांडीसारखं निमुळतं दिसत होतं. एका डॉक्टरांनी हाडाचा टीबी धरून औषधं सुरू केली. आपल्याकडे टीबीच इतका, की पहिला संशय तिकडे जाणारच. पण बायोप्सी न करता सहा महिने केशरी लघवी आणि दर एक्सरेत आखूड होणारं हाड बघत बसले, त्याचा राग अजून आहे.

मुंबईत बायोप्सी झाली. टीबी नाही, कॅन्सर नाही. हाडाच्या जागी पातळ भिंतींच्या बारीक नळ्यांचं जाळं. या आजाराचं नाव गॉरहॅम-स्टाऊट. बोस्टनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात 1838 मध्ये अशा हाड नाहीशा झालेल्या हाताची नोंद छापली गेली होती. 1955 मध्ये गॉरहॅम आणि स्टाऊट या दोघांनी असे 24 रुग्ण एकत्र मांडले, त्यांचं नाव चिकटलं. लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या या बारीक नळ्या, हाडात भलत्याच माजतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना ऊत येतो. का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय गो, येवढे मासे खातंस, तरी हाड कसा इरघाळला?" काकी, कॅल्शियम कमी पडल्याचा हा आजार नव्हे. मोरी फुटलेली असताना टाकीत पाणी भरून काय उपयोग?

या आजारासाठी म्हणून बनवलेलं औषध नाही. मला मिळते ती सिरोलिमस, मूळची किडनी बदललेल्या माणसांची गोळी. तिची गोष्ट मला फार आवडते. 1964 साली एक कॅनडियन मोहीम ईस्टर बेटावर गेली होती. तिथे भरून आणलेल्या मातीतल्या जंतूपासून सुरेंद्रनाथ सहगल यांनी हे द्रव्य वेगळं काढलं. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषधाचं पहिलं नाव रापामायसिन. पुढे त्यांच्या कंपनीने हे काम गुंडाळलं, तेव्हा सहगलांनी थोडं द्रव्य घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं होतं म्हणतात. त्या नळ्यांची वाढ ही गोळी दाबून धरते. सोबत काही महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक अॅसिडची सलाईन. ती हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते. सलाईनआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, किडलेली दाढ काढून घेतली, कारण या औषधावर असताना दाढ काढली तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस तापाने अंग मोडून आलं.

गोळी रोज त्याच वेळी, माझी पेजेच्या आधी. रक्तातलं प्रमाण तपासायचं तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावं लागतं. म्हणून कुडाळहून रात्री मुंबईची गाडी, कोकणकन्या, पकडते, गोळ्यांची डबी पर्समध्ये, आणि सुई टोचून झाली की तिथेच बाकावर बसून गोळी गिळते. प्रतिकारशक्ती उतरते, त्यामुळे साधा तापही अंगावर काढायचा नाही. तोंड येतं, मग आठवडाभर तिरफळाच्या बांगड्याकडे नुसतं बघायचं. पपनस तर बंदच, त्याने रक्तातली गोळी वाढू शकते. चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला टांगलेलं पपनस मुलगी माझ्यासमोर सोलून खाते, मुद्दाम.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली: दम लागला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच यायचं. हा आजार बरगड्यांकडे सरकला तर छातीत दुधासारखं पाणी भरू शकतं आणि ते जिवावर बेततं. माझं तसं झालेलं नाही.

काहींचं हाड थोडं भरूनही येतं. माझं नाही. पण गेल्या महिन्यातला एक्सरे मी दोन वर्षांपूर्वीच्या एक्सरेवर ठेवला आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला धरले. टोकावर टोक बसलं. तेव्हाच काकी मागच्या दारी आल्या.

"इला काय गो हाड?"

"नाय, पण पुढे गेला पण नाय."

"मगे बरा," त्या म्हणाल्या. "टोप काढ. बांगडे हाडलंय."