प्रिसिजन की जाझ?

परळच्या प्रॅक्टिस रूममध्ये माझा प्रिसिजन आणि ऑर्केस्ट्रावाल्या काकांचा जुना जाझ हे दोन बेस गिटार एकदाचे समोरासमोर आले. फेंडर कंपनीने प्रिसिजन काढला १९५१ मध्ये, जाझ १९६० मध्ये. जाझचे दोन्ही पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) पूर्ण उघडले की आवाज मधोमध जरा पोकळ होतो; ब्रिजकडचा (बॉडीवर तारा टेकतात तिकडचा) एकटा ठेवला तर नाकात बोलतो. काकांना नेमका तोच आवडतो! मला प्रिसिजनचा, १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप बरा: गुणगुण नाही आणि ढोलकीच्या गर्दीतही ठाम ऐकू येतो. तारा मात्र फ्लॅटवाउंडच (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) हव्यात, यावर आमचं एकमत.

अँप्लिफायर म्हणाल तर अँपेग कंपनीचा एसव्हीटी. ३०० वॉट, खाली दहा इंची आठ स्पीकरची पेटी. पण बिनलिफ्टच्या चाळीत ते धूड चढवणार कोण? शेवटी छोट्या व्हॉल्व्ह अँपचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला, आवाज किंचित फाटला, आणि काकांनी चहा बाजूला ठेवून माझाच बेस मागून घेतला.