भित्र्यांचं बिऱ्हाड

घरात प्राणी आणायचा म्हटलं की आपण मनात एक अपेक्षा धरूनच बसलेलो असतो. त्यानं आपल्याला जीव लावावा. दार उघडलं की धावत यावं, पायात घुटमळावं, आणि अगदीच मांजर असेल तर आपल्याकडे पाठ करून बसण्याइतकी तरी दखल घ्यावी. गिनी पिग, म्हणजे उंदराच्या जातकुळीतला हा गुबगुबीत केसाळ प्राणी, यातलं काहीएक करत नाही. तुम्ही खोलीत आलात की तो पळतो. आल्या दिवशी पळतो, महिन्याभरानं पळतो, आणि चांगली ओळख झाल्यावरही तुम्ही जरा घाईनं उठलात तर पळतोच. इतक्या भित्र्या जिवाला लोक हौसेनं घरात का ठेवतात, हे कोडं मला दोन गिनी पिग घरात आल्यानंतर पडलं. आधी पडलं असतं तर बरं, पण मुलं आधी विचार करू देत नाहीत.

दोघी माद्या आहेत. मुलांनी नावं ठेवली कापशी आणि ढमी. कापशी पांढरी आहे म्हणून. ढमीचं कारण सांगायला नको. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली.

"हे करतं काय गं?"

"खातं, आई."

"आणि?"

"घाबरतं."

"एवढंच?"

एवढंच. पण या दोन गोष्टी ते इतक्या मनापासून करतं की बघणाऱ्याची नजर हलत नाही. सासूबाई हल्ली दुपारी पोथी घेऊन त्यांच्याशेजारीच बसतात. पानं किती उलटली जातात ते मी विचारत नाही.

घाबरण्याचं आधी. अंगावर शिंग नाही, काटा नाही. झाडावर चढता येत नाही, लांब उडी जमत नाही. धोका दिसला की करण्यासारखं दोनच : थिजून जायचं, नाही तर जवळच्या बिळात शिरायचं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून आजूबाजूचं आणि बरंचसं मागचंही दिसतं. अगदी नाकापुढचं तेवढं दिसत नाही, तिथे मिशा आणि ओठ चाचपून बघतात. वरून येणारी कुठलीही वस्तू म्हणजे ससाणा. आपला प्रेमानं पुढे केलेला हातसुद्धा वरून आला तर ससाणाच. त्यामुळे त्यांच्याशी ओळख करायची तर जमिनीवर बसून, समोरून, हात खाली ठेवून, आणि हातात काही तरी हिरवं धरून करावी लागते. मांडी घालून बसायची सवय मोडलेल्या माणसांना हा एक फायदाच.

बाकी, माणसाची धास्ती घ्यायला त्याच्याकडे कारणंही भरपूर आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला तो कुरवाळायला नव्हे, खायला. सोळाव्या शतकात जहाजांतून तो युरोपात पोचला आणि तिथे लाडाचा झाला. 1580 च्या सुमाराचं एक इंग्रजी चित्र आहे. त्यात भरजरी कपड्यांतली तीन भावंडं उभी आहेत आणि त्यातल्या मुलीनं गिनी पिग धरलाय. पण लाडाचे दिवस टिकले कुठले? 1782-83 च्या हिवाळ्यात लावाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनी पिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवलं, त्याच्या अंगाच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं, आणि श्वास घेणं हे एक प्रकारचं संथ ज्वलनच आहे या विचाराला आधार मिळवला. शास्त्राचं भलं झालं. पठ्ठ्या काकडला असेल. पुढे 1882 मध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडताना जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखच्या प्रयोगांतही हाच होता. एवढा इतिहास पाठीशी असताना आपल्या मुलीनं "ये ना रे" म्हटल्यावर तो खोक्यात शिरला तर त्याला भित्रा म्हणायचं की शहाणा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

इतिहासातला एक धागा मात्र थेट आपल्या फ्रिजपर्यंत येतो. 1907 मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा नॉर्वेजियन संशोधकांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्ही झाला. तोच तो, पूर्वी खलाशांच्या हिरड्या सडवणारा. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व अंगात तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनी पिगलाही जमत नाही. दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम त्याला बाहेरून मिळायला हवं. तयार खाद्याच्या गोळ्यांत ते घातलेलं असतं, पण पिशवी जसजशी जुनी होते तसतसं उडत जातं. म्हणून ढोबळी मिरची. रोज, न चुकता. घरात माणसांसाठी भाजी आहे की नाही याची खात्री एखादे दिवशी देता येणार नाही, पण ढोबळी मिरचीचा तुकडा खालच्या कप्प्यात असतोच.

आणि फ्रिजचा विषय निघालाच आहे तर शिट्टीबद्दल बोललं पाहिजे. एरवी बारीक कुजबुजणारा हा प्राणी प्लास्टिकची पिशवी चुरचुरली की जी काही शिट्टी फोडतो, ती दोन खोल्या ओलांडून येते. वीक, वीक, वीक, चढत चढत. फ्रिजचं दार, सुरीचा फळीवरचा ठोका, कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज, सगळं त्यांना पाठ आहे. माझ्या पावलांचा आवाज वेगळा ओळखू येतो आणि मुलांच्या बाबांचा वेगळा. बाबांसाठी शिट्टी वाजत नाही, कारण ते आजवर रिकाम्या हातानंच गेलेत. शास्त्रज्ञ सांगतात की रानातल्या भाईबंदांच्या मानानं पाळीव गिनी पिग कमी भांडतो आणि जास्त बोलतो. शिट्टीखेरीज त्यांचं बरंच काही चालू असतं : समाधानाची खालच्या पट्टीतली गुरगुर, एकमेकींवर रुसल्यावरचं दातांचं कडकड वाजणं, चालता चालताची अखंड पुटपुट. ढमी तर झोपेतसुद्धा पुटपुटते असं मला वाटतं, पण ती झोपली आहे हे कळायला मार्ग नाही. त्यांच्या डुलक्या बारक्या असतात आणि डोळे बहुतेक वेळा उघडेच.

खाणं बघायचं असेल तर गवताची एक लांब काडी द्यावी आणि नाक जमिनीला टेकेल इतकं वाकून बसावं. काडीचं टोक ओठांनी चाचपलं जातं, मग पुढचे दात ते कचकन तोडतात, आणि मग काडी आपोआप आत सरकायला लागते, चालू शिलाई मशीनखालून कापड सरकावं तशी. हात लावावा लागत नाही. गाल मागेपुढे हलतात, कान त्याच तालावर थरथरतात, डोळे कुठे तरी भलतीकडेच. शेवटचं तुसाचं टोक ओठांवर क्षणभर थबकतं आणि गडप होतं. लगेच पुढची काडी. हे दिवसभर, आणि रात्रीचाही बराच वेळ. हावरटपणा म्हणावा तर तसंही नाही. त्यांचे सगळे, म्हणजे वीसच्या वीस, दात जन्मभर वाढत राहतात, आणि ते झिजवायला चरबट गवत सतत चघळावं लागतं. गवत कमी पडलं तर दात वाढतात, वाकडे होतात, आणि मग समोर अन्न असून खाता येत नाही. ताटातलं पुन्हा एकदा खाण्याचाही त्यांचा एक मार्ग आहे, स्वतःच्याच मऊ लेंड्या थेट तोंडात घेण्याचा. पचनाला तो आवश्यक असतो. धाकटीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. या विषयावर मी इथेच थांबते.

आता मुद्द्याचं. लहान मुलांसाठी पहिला प्राणी म्हणून गिनी पिगचं नाव नेहमी घेतलं जातं. आकारानं बेताचा, किलोभराच्या आसपास, सहसा चावत नाही, बोचकारत नाही. मला हे अर्धंच पटतं. न चावणारा प्राणी मुलांसाठी चांगला, हे खरं. पण मुलं त्याच्यासाठी चांगली असतात का? मुलाला तो उचलून छातीशी धरायचा असतो, आणि त्याला तर उचललं जाणंच सर्वांत नकोसं असतं. हातातून निसटून पडला तर पाठीचा कणा नाजूक. म्हणून आमच्याकडे एकच कायदा आहे : उचलायचं मोठ्यांनी, मुलांनी जमिनीवर बसून मांडीवर घ्यायचं, आणि त्यानं उतरायचं म्हटलं की उतरू द्यायचं. पिंजऱ्यात धावायचं चाक किंवा आत शिरून पळायचा पोकळ चेंडू देण्याचा मोह अनेकांना होतो. तोही नको, त्यानं पाठ दुखावते. द्यायची ती जागा. पसरट, सपाट, लपायला दोन खोके आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे एकीनं दुसरीला आत कोंडायला नको. ढमी तेवढी राजकारणी आहे.

या प्राण्याकडून मिळतं ते काय, तर तुम्ही जवळ असताना त्यानं खाणं न थांबवणं. याच्यापलीकडची कमाई फारशी नाही, आणि एवढीसुद्धा सहज होत नाही. आधी तुम्ही आलात की काडी तोंडातच थांबायची. मग थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. आता धाकटी शेजारी पालथी पडून गृहपाठ करते आणि कचकच चालू असते. अधूनमधून कापशीला काय होतं कोण जाणे, ती उभ्या जागी चारही पाय हवेत घेऊन उसळते, तोंड एकीकडे, ढुंगण दुसरीकडे, आणि पुन्हा जणू काही झालंच नाही अशी गवताकडे वळते. आनंद झाला की गिनी पिग असे उडतात. आधी आम्हाला फेफरं वाटलं होतं.

या कमाईसाठी घरानं काही सवयी बदलल्या. खोलीत शिरण्याआधी माणसं हल्ली बोलतात. खुर्ची ओढत नाहीत, उचलतात. थोरला दार आपटून निघून जायच्या वयात आहे, तो दार आपटतो पण दुसऱ्या खोलीचं. हे त्याला मी सांगून जमलं नसतं.

काळजीची एक बाजू आहे आणि ती मोठ्यांवरच येते. भित्रा प्राणी आजार लपवतो, कारण रानात आजारी दिसणं म्हणजे आमंत्रण. म्हणून आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. काहीही दिसत नसताना काटा आधी बोलतो. एक दिवस खाणं बंद म्हणजे उद्या बघू म्हणायची सोय नाही, आतडं थांबत जातं, लगेच डॉक्टरकडे. आणि डॉक्टर लहान प्राण्यांचा जाणकार हवा. पेनिसिलिन, ज्यानं आपल्यातले कितीएक वाचले, ते यांच्या पोटातले उपयोगी जंतू मारून यांचाच जीव घेऊ शकतं. उन्हाळाही सोसत नाही. सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर पारा गेला की सावली, वारा आणि पाणी यांची तजवीज करावी लागते.

जोडी घेताना नर कोण, मादी कोण हे नीट तपासून घ्यावं, एवढं मी सगळ्यांना सांगते. मादी चार आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते. दोन महिन्यांहून जास्त पोटात राहिलेली पिल्लं अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊनच बाहेर येतात आणि दिवसभरात गवत कुरतडायला लागतात. दिसायला फार गोड. पण मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर आलं तर तिच्या जिवावर बेतू शकतं, आणि घर भरायलाही वेळ लागत नाही.

एकच घेतला तर? नको. हे कळपात राहणारे जीव. अनोळखी जागेत ओळखीचा जोडीदार सोबत असला की त्यांच्या अंगातला ताण मोजून कमी भरतो. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून गिनी पिगला एकट्यानं ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. आता हे प्राणी पाच ते आठ वर्षं जगतात, आणि दोघी एकाच दिवशी थोड्याच जाणार. मागे राहिलेलीला सोबत हवी म्हणून नवी आणायची, ती तरुण, म्हणजे पुढे तीच एकटी उरणार, मग तिच्यासाठी आणखी एक. तिकडे यावर तोड म्हणून उरलेल्या गिनी पिगला भाड्यानं सोबतीण देण्याची सोय निघाली.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. मुलांनी लगेच नव्या नावांची यादी सुरू केली. बाबांनी हिशोब केला की असं चाललं तर नातवंडांपर्यंत गवत विकत आणावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, "भाड्यानं नको. आपलीच आणा. आणि यावेळी काळी बघा."