तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतल्या घरात भांडी पडत नाहीत का?

"ताई, गाडीत राहता, मग कधी पंचाईत होत नाही का?" चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, देवळाच्या आवारात, जिथे थांबू तिथे हा प्रश्न येतोच. मागे एका शाळकरी मुलीने तर दारातून आत डोकावून थेट विचारलं, "भांडी पडत नाहीत?" तेव्हा निघायची घाई होती. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता सावकाश सांगते.

पडतात. जुनी ट्रॅव्हलर घेऊन, सीटा काढून आम्ही तिची कॅराव्हॅन करून घेतली. आत पलंग, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी. वर्षातले चार महिने आम्ही दोघं तिच्यातच असतो. पहिल्याच वर्षी कुंभार्ली घाट उतरताना समोर गुरं आली, ह्यांनी ब्रेक मारला आणि ओट्यावरचा मिसळणाचा डबा उडाला. हळद, तिखट, मोहरी, सगळं एकदम. तिखटाने डोळे उघडेनात. रुंद जागा बघून गाडी कडेला घेईपर्यंत मोहरी प्रत्येक वळणाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत होती. दोन वर्षांनी सरकत्या दाराच्या खाचेत तिचे दाणे सापडले. हळद मी ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि ती आणखी पसरली. आधी कोरडी झाडून घ्यायला हवी होती. पडद्यावरचे डाग मात्र साबणाने गेले नाहीत ते चिपळूणच्या कडक उन्हाने दोन दिवसांत घालवले. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आईचं म्हणणं तेव्हा कामी आलं.

आपल्या बहुतेक फजित्यांचं मूळ मला इथेच दिसतं. घर हलणार आहे, हे आपण विसरतो. घरी वस्तू नुसती ठेवली तरी चालते. इथे ती अडकवावी लागते, दोन उशांमध्ये दाबावी लागते, नाहीतर बांधावी लागते.

पाण्याचंही तसंच. एकदा टाकी संपली, नळ कोरडा पडला आणि तो बंद करायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी एका पेट्रोल पंपावर टाकी भरली, आतल्या मोटरचं बटण दाबलं आणि मी बाहेर गप्पा मारत उभी राहिले. बेसिनमध्ये चहाचे कप होते, त्यांनी भोक बुजवलेलं. परत आले तर गादीची खालची बाजू भिजून जड झालेली. आता टाकी भरण्याआधी मी नळाला हात लावून बघते. रोज.

गॅसबद्दल मात्र मी कुणालाही थांबवून सांगेन. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोकं ठेवलेली असतात. पहिल्या पावसाळ्यात त्या भोकांतून चिखल उडतो म्हणून आम्ही तिथे गोणपाट कोंबलं होतं. एका रात्री रेग्युलेटर नीट बसला नव्हता आणि वासाने मला जाग आली. दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं उघडली, सिलिंडर बंद केला, अंधारात बाहेर जाऊन बसलो. गोणपाट त्याच रात्री काढलं. ती भोकं बुजवू नका. चिखल धुता येतो.

आणि वाळू. मालवणच्या बाजूला सुरूच्या झाडांखाली सावली बघून गाडी घेतली आणि मागची चाकं रुतली. ह्यांनी जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी ती खाली गेली. जाळी विणत बसलेले एक आजोबा उठून आले, चाकाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "आज चवथ. तीनाक भरती. त्याच्या आदी भायर काढूक व्हयी." तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, चारची पाऊणपट तीन, हे त्यांनी मला तिथेच शिकवलं. तेव्हा साडेअकरा झाले होते. त्यांनी चाकांतली निम्मी हवा सोडायला लावली, पुढची वाळू हातांनी उकरली, सुक्या झावळ्या आडव्या अंथरल्या. वाडीतली सहा-सात माणसं जेवण टाकून आली. हळूहळू, अजिबात रेस न करता, गाडी बाहेर आली. दोन वाजले होते. पैसे कुणीच घेतले नाहीत, उलट आम्हालाच सोलकढी पाजली. त्या माणसांचं मी ऋण मानते. हवा भरायचा छोटा पंप आता कायम गाडीत असतो.

लेहला जेवणाची पंचाईत झाली. ३५०० मीटर उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यातला भात तासभर शिजवूनही कच्चाच. शॅम्पूची बाटली उघडली तर निम्मा शॅम्पू आपसूक बाहेर. कुकर न्या, एवढंच सांगते.

संडासाबद्दल बायका हळू आवाजात विचारतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमची काढता येणारी टाकी आहे. ती भरायच्या आत, सेप्टिक टँक असलेल्या संडासात, आधी विचारून रिकामी करायची. ओढ्यात, शेतात कधीही नाही. खालच्या गावाला तेच पाणी प्यायचं असतं.

आता निघण्यापूर्वी हे पुढे बसून विचारतात आणि मी मागून उत्तर देते. सिलिंडर? बंद. नळ? बंद. छताची खिडकी? लावली. मिसळणाचा डबा? खणात. एकदा छताची खिडकी उघडी राहिली होती, ती फणसाच्या फांदीने नेली, तेव्हापासून तीही यादीत आहे.

हे लिहितेय तेव्हा गाडी देवळामागच्या कातळावर उभी आहे. आज तृतीया, सव्वादोनला भरती. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, एक राहिलीय.