डावी नळी सापडेना

मंगळवार, रात्री साडेदहा

आज कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हृदयाच्या नळ्यांची अँजिओग्राफी होते त्या खोलीत, पाच केस झाल्या. चार रोजच्यासारख्या. पाचवी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून जेवण झाल्या झाल्या वही घेऊन बसले.

काका ६२ वर्षांचे. घरचा ऊस, दोन म्हशी. बांध चढताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं आणि थांबलं की उतरायचं. तीन महिने पित्त म्हणून अंगावर काढलं. शेवटी मुलाने ओढून आणलं, ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आज आमच्या टेबलावर.

उजव्या मनगटातून शीथ टाकली, म्हणजे धमनीत शिरायची छोटी वाट केली. सरांनी, म्हणजे आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी, आधी उजवी कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी नळी) घेतली आणि एक्स-रेवर नळ्या दिसाव्यात म्हणून डाय सोडला. स्क्रीनवर जे झाड उमटलं ते नेहमीच्या उजव्या नळीपेक्षा फारच मोठं होतं. मुळापाशीच एक जाड फांदी फुटून आडवी डावीकडे निघाली होती. मी कन्सोलवर, म्हणजे ही चित्रं रेकॉर्ड करायच्या मशीनवर, होते. माझा हात रेकॉर्डिंगच्या बटणावरच राहिला.

"डावी बघू," सर म्हणाले.

डावी मिळेना. कॅथेटर, म्हणजे डाय सोडायची बारीक लांब ट्यूब, बदलला, पुन्हा बदलला. टोक डाव्या बाजूला जाऊन नुसतं भिंतीवर घसरत होतं, हूक होत नव्हतं. शेवटी पिगटेल (टोक गोल वळलेला कॅथेटर) टाकून महाधमनीच्या मुळातच एक मोठा शॉट घेतला. महाधमनी जिथे हृदयातून निघते तिथे तीन कप्पे असतात, आणि त्यांतल्या दोघांतून एकेक नळी निघून हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवते, एक उजवी, एक डावी. काकांच्या डाव्या कप्प्याला तोंडच नव्हतं. अख्ख्या हृदयाचं रक्त उजवीकडच्या एकाच तोंडातून येत होतं. सिंगल कोरोनरी. जन्मापासून.

अकरा वर्षांत माझ्यासमोर आलेली ही दुसरी.

ब्लॉक होता, पण उजव्या नळीत बराच खाली. एरवी तिथल्या तिथे स्टेंट टाकून मोकळे झालो असतो. सरांनी हात थांबवला, आणि ते मला फार पटलं. दोन तोंडं असतात तेव्हा एकाला कॅथेटरने इजा झाली तरी दुसरी बाजू हृदय सांभाळून धरते. इथे तोंड एकच. तिथे आतलं अस्तर फाटलं तर सगळंच संपेल. शिवाय ती डावी फांदी नेमकी कुठून वळून जाते हे कळायला हवं होतं. फुप्फुसाच्या धमनीपुढून गेली किंवा महाधमनीच्या मागून गेली, तर सहसा त्रास नसतो. दोघींच्या मधून गेली तर मात्र मामला गंभीर, कारण धावताना, जोर लावताना नळी आवळली जाऊ शकते. अँजिओवर अंदाज येतो, खात्री सीटीवर होते. म्हणून सीटी अँजिओ ठरवली आणि शीथ काढली.

शिकत असताना एक गोष्ट वाचली होती, ती आज दिवसभर आठवत राहिली. आम्ही रोज करतो ती ही अँजिओग्राफीच मुळात अनपेक्षित घडली. ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. डॉ. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडणार होते. कॅथेटरचं टोक सरकून उजव्या कोरोनरीत गेलं आणि सगळा डाय तिथेच शिरला. तोवर समज असा होता की थेट नळीत एवढा डाय गेला तर माणूस वाचणार नाही. हृदय काही सेकंद थांबलं. सोन्सनी रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परत सुरू झाले. त्याच क्लीव्हलंडमधून १९९० साली १,२६,५९५ अँजिओग्राफींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १,६८६ जणांच्या कोरोनरी नळ्या जन्मतः वेगळ्या निघाल्या, म्हणजे शेकडा १.३. ही माणसं आली होती ब्लॉक बघायला. वेगळेपण सापडलं ते जाता जाता.

असं जाता जाता सापडलेलं मी आणखीही पाहिलंय. एका आजींना पेसमेकर बसवत होतो. डाव्या खांद्याखालून घातलेली वायर मधली रेघ ओलांडून उजवीकडे जायची, ती मणक्याच्या डाव्या अंगानेच सरळ खाली उतरली. गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेक मोठी शीर असते आणि डावी पुढे विरून जाते. आजींची विरली नव्हती. हजारात तीन ते पाच जणांची अशी राहते आणि बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही. त्या दिवशी वायरीला मोठा वळसा देऊन काम झालं. आजी दुसऱ्या दिवशी चहा मागत होत्या.

आणि एक बाई. त्यांच्याबद्दल मी कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हा मी दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये नवीन होते. त्या बाईंची डावीकडची एक नळी उजव्या कप्प्यातून निघत होती. प्रकार निरुपद्रवी, ब्लॉकही नव्हता. डॉक्टरांनी "नॉर्मल आहे, घरी जा" असं सांगितलं. रिपोर्टमध्ये इंग्रजीत एक ओळ टाइप झाली, सीडी पाकिटात गेली आणि बाई घरी गेल्या. चार वर्षांनी खरोखरचा अटॅक येऊन त्या तिथेच परत आल्या, रात्री दोन वाजता, पाकिटाशिवाय. ड्यूटीवरचे डॉक्टर वेगळे होते. ती नळी जिथे असायला हवी तिथे ते शोधत राहिले. ती नाहीच, म्हणजे पूर्ण बंद झाली असणार असं वाटून तिथेच पुन्हा पुन्हा डाय सोडत राहिले. पाऊण तास गेला, डाय दुप्पट लागला. बाई वाचल्या, पण किडनीला फटका बसला, दोनदा डायलिसिस करावं लागलं. मी पहिल्या वेळी त्याच कन्सोलवर होते. मला ती नळी दिसली होती. त्यांना सांगणं माझं काम नाही असं मी धरून चालले होते.

म्हणून आज काकांना सांगायला सर वॉर्डात निघाले तेव्हा मी त्यांच्यामागे गेले. सरांनी व्यवस्थित सांगितलं. काका मान हलवत होते, पण डोळ्यांत काही पोचल्याचं दिसत नव्हतं. सर गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ताई, म्हंजे माझ्या काळजात एक नळी कमी हाय?"

मी म्हटलं, "काका, नळ्या सगळ्या आहेत. दोन दारांनी आत यायच्या, त्या तुमच्या एकाच दारातून येतात."

"आन् आजवर काय झालं न्हाई ते?"

"तिने तुमचं काम नीट केलं म्हणून. आत्ता त्रास होतोय तो खालच्या ब्लॉकमुळे."

ते बराच वेळ तळहात छातीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "बासष्ट वर्सं मी हिच्या जिवावर नांगर वडलाय, आन् मला म्हाईत न्हाई." आवाज कापत होता. मला काय बोलावं सुचेना, मी त्यांच्याजवळ नुसती बसून राहिले.

मावशींचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, प्रश्न वेगळा होता. पोरांना पण असंल का? नात शाळेच्या कबड्डी संघात आहे. त्यांनी हे विचारलं तेव्हा मला पीट मॅराविच आठवला. अमेरिकेतला नामांकित बास्केटबॉल खेळाडू, व्यावसायिक स्पर्धांत दहा हंगाम खेळलेला. जानेवारी १९८८ मध्ये सहज खेळता खेळता कोसळला आणि गेला, वयाच्या ४०व्या वर्षी. शवविच्छेदनात कळलं की डावी कोरोनरी जन्मापासून नव्हतीच. हे मी मावशींपुढे काढलं नाही. सरांना फोन लावला. ते म्हणाले, हा प्रकार सहसा घराण्यात उतरत नाही. पण नातीला खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन ती पडली तर एक दिवसही थांबू नका, आणि मनाच्या समाधानासाठी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला तरी चालेल. मावशींनी "खेळताना चक्कर" हे शब्द दोनदा म्हणून घेतले.

शुक्रवार, संध्याकाळ

काकांची सीटी झाली. डावी फांदी फुप्फुसाच्या धमनीच्या पुढून वळसा घेऊन जाते. मधून नाही. रिपोर्ट वाचताना हातात पाण्याची बाटली होती, ती मी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. खालच्या ब्लॉकला स्टेंट पुढच्या बुधवारी. सर स्वतः करणार आहेत आणि कॅथेटर कुठला घ्यायचा, तो तोंडात किती आत न्यायचा, हे त्यांनी आजच माझ्याशी बोलून ठेवलंय.

दुपारी मी ए-फोर कागदावर काकांचं हृदय काढलं. महाधमनी, तीन कप्पे, उजवीकडे एकच तोंड, डावी फांदी लाल पेनाने. खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: डावी नळी उजव्या कप्प्यातून निघते, डावीकडे शोधू नका. सरांनी सही-शिक्का दिला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन प्रती लॅमिनेट करून आणल्या.

मावशींनी एक प्रत आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. दुसरी काकांनी मागून घेतली, लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "ही मोटारसायकलच्या डिकीत ठिवू का? शेतात काय झालं तर पोरगं तिथंच बघंल."

ठेवा, म्हटलं.