१२९० सालचा खाकी कागद

आमच्या वेळी इतिहास हा उभा विषय होता. एक घराणं सुरू झालं की ते संपेपर्यंत खाली उतरत जायचं, मग दुसरं धरायचं. यादवांच्या धड्यात दिल्ली नाही, दिल्लीच्या धड्यात चीन नाही, आणि इंग्लंड तर थेट ईस्ट इंडिया कंपनीबरोबरच उगवायचं. नववीत आम्हाला इतिहासाला नवे सर आले. त्यांनी खाकी कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावले आणि सांगितलं, "एकच साल घ्यायचं आणि जगभर बघून यायचं."

साल ठरवायला वेळ लागला नाही. नेवासं आपल्या शाळेपासून जवळ. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ असं लिहिलेलंच आहे. त्यात ७८ मिळवले की १२९०.

सरांनी बाकांना देश वाटून दिले. शाळेच्या वाचनालयात मराठी विश्वकोश होता, पण त्याचे खंड तेव्हा अकारविल्हे एकेक करून निघत होते. इटली, इंग्लंड, चीन मिळालेले नशीबवान. हंगेरीवाल्यांचे हाल झाले, कारण 'ह' यायला अजून बरीच वर्षं होती. शेवटी सरांनीच कुठून तरी शोधून आणलं: राजा चौथा लाडिस्लाउस कुमन टोळ्यांच्या इतका नादी लागला होता की चर्चही त्याच्यावर चिडलं होतं, आणि १० जुलै १२९० रोजी त्याला मारलं ते कुमनांनीच. वर्गाला ही नोंद फार आवडली.

माझ्या बाकाला इंग्लंड आलं होतं. राजा पहिला एडवर्ड. १८ जुलैला त्याने फर्मान काढलं की सगळ्या ज्यूंनी १ नोव्हेंबरच्या आत देश सोडावा. आधी कर लादून लादून त्यांना पिळून घेतलं, व्याजाचा धंदा बंद केला. काढायला काही उरलं नाही तेव्हा हाकलून दिलं, आणि त्या बदल्यात पार्लमेंटकडून मोठा कर मंजूर करून घेतला. पुढची साडेतीनशे वर्षं ज्यूंना तिथे उघडपणे राहता आलं नाही. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला राणी एलिनॉर लिंकनजवळ वारली. तिचं शव वेस्टमिन्स्टरला नेताना जिथे जिथे मुक्काम झाला, तिथे राजाने दगडी क्रॉस उभारले, एकूण बारा. राणीसाठी इतका हळहळणारा आणि हजारोंना देशोधडीला लावणारा माणूस एकच, हे आम्हाला पचेना. सरांनी दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहायला लावल्या, स्वतः काही बोलले नाहीत. पुढे नोकरीनिमित्त लंडनला गेलो, तेव्हा चेरिंग क्रॉस स्टेशनबाहेर मुद्दाम थांबलो. तिथला क्रॉस एकोणिसाव्या शतकातला आहे. मूळचा जवळच होता, तो १६४७ साली पाडला.

स्कॉटलंडची वारस मार्गारेट अवघी सात वर्षांची. एडवर्डच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. नॉर्वेहून येताना सप्टेंबरात ऑर्कनी बेटांवर ती वारली आणि गादीवर हक्क सांगणाऱ्यांची रांग लागली.

बाकीचं भरभर भरत गेलं. दिल्लीत बलबनचा नातू कैकुबाद मारला गेला आणि म्हातारा जलालुद्दीन खिलजी किलोखडीला गादीवर बसला. चीनमध्ये कुबलाईखानाच्या राज्यात मोठा भूकंप झाला. मार्को पोलो तेव्हा त्याच्याच चाकरीत होता. ईजिप्तचा सुलतान कलावून ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यातल्या एकर या बंदरावर चालून निघाला आणि कैरोबाहेरच वारला. पोर्तुगालचा राजा दिनिस याने लिस्बनला विद्यापीठ काढलं. तेच पुढे कोइंब्राचं झालं.

इटलीच्या बाकावरच्या मुलींना मात्र फक्त एका बाईचा मृत्यू सापडला होता. फ्लॉरेन्सची बिआत्रिचे, जून महिना. एवढ्यावर मुलं हसली. तेव्हा सर पहिल्यांदा खुर्चीतून उठले. तिच्या जाण्यानंतर तिच्यावर जीव असलेल्या दान्ते नावाच्या पंचविशीतल्या कवीने जे लिहायला घेतलं, ते पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, घरात बोलतात त्या भाषेत, असं त्यांनी सांगितलं. मग खडूने नेवाशापासून फ्लॉरेन्सपर्यंत एक रेघ ओढली. या टोकाला प्रवरेकाठी खांबाला टेकून संस्कृतातली गीता मराठीत सांगणारे ज्ञानेश्वर. परंपरेने धरलेलं जन्मसाल मानलं तर वय पंधरा. म्हणजे आमच्याएवढंच! दोघांना एकमेकांचा पत्ता असणं शक्यच नव्हतं. नेवाशाचा पैस खांब मी लहानपणापासून पाहत होतो, पण तो जगाच्या नकाशावर आहे हे त्या दिवशी कळलं. इतिहासात माझे मार्क कधीच फार नव्हते, तरी आजही कुठलं साल वाचलं की तेव्हा इतरत्र काय चाललं होतं, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

तो कागद एका पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेला. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आताच्या नववीने नवा लावायचा ठरवला, तर मी १२९६ सुचवीन. त्या साली आळंदीची समाधी आहे, जलालुद्दीनला मारून पुतण्या अलाउद्दीन सुलतान होतो तेही आहे, आणि एडवर्ड स्कॉटलंडमध्ये घुसून तिथला राज्याभिषेकाचा दगड उचलून नेतो, तेही त्याच साली. कागदाचा खर्च माझा. विश्वकोशाचा 'ह' आता आला आहे.