सातारा-पुणे परतीचा प्रवास : खंबाटकीपेक्षा नवले पुलाचा उतार सांभाळा

निघताना जो तो सांगत होता, "खंबाटकीत जपून." शेवटच्या उताराचं नाव एकानेही काढलं नाही, याचा अजून राग येतोय.

कोल्हापूर ते सातारा रस्त्याच्या कामामुळे काढलेली वळणं सोडली तर सांगण्यासारखं काही नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण वाईटच, पण धोका डोळ्यांना दिसतो, पाय आपसूक ब्रेकवर जातो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर तसं होत नाही. रस्ता रुंद, समोर पुणं, आणि दरी पुलावरून नवले पुलापर्यंत उतारच उतार. खाली नऱ्हे-वडगावची गर्दी, मागून भरलेले ट्रेलर.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एकाच अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरच्या धडकेत आठ जण गेले. प्रत्येक वेळी 'ब्रेक फेल' म्हणून विषय मिटतो. शिरवळच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याला विचारलं. म्हणाला, "दादा, मालक डिझेल मोजून देतो. उताराला न्यूट्रल केलं की तेवढंच वाचतं." न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन गर्दीत ब्रेक लागत नाहीत. आमच्या पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकांतून धूर निघत होता, करपलेला वास काच बंद करूनही आत येत होता.

तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, किंवा दहा मृत्यू, झाले की साधारण ५०० मीटरचा पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. इथे अपघाताची नोंद पुलाशी होते, पण त्याची सुरुवात वर बोगद्यापाशीच झालेली असते. फक्त पुलाजवळ रम्बलर (वेग कमी करायला लावणारे खडबडीत पट्टे) टाकून हे थांबणार नाही. जड गाड्या वरच अडवून ब्रेक आणि गियर तपासायला हवेत.

स्वारगेट-बिबवेवाडीला जाणाऱ्यांनी शिंदेवाडीहून जुना कात्रज घाटच धरावा. वेळ जास्त लागला तरी चालेल. पुढे जायचंच असेल तर बोगद्यातून बाहेर पडताच गियर खाली घ्या आणि दोन ट्रकांच्या मध्ये सापडू नका. रांगेत शेवटचे असाल तर चारही इंडिकेटर लावा, पुढे गाडी बाजूला काढण्याइतकी जागा सोडा आणि मागे कुणीतरी थांबेपर्यंत आरशावरची नजर हलवू नका. अंधार पडल्यावर हा पट्टा नकोच. मदतीला महामार्गाचा १०३३ आणि पोलिसांचा ११२, दोन्ही नंबर शेजारी बसणाऱ्याच्या फोनमध्येही हवेत.